हिराआत्याला कंपनी मोडायची होती

सकाळी साडेसातला भारतीबेनचा फोन आला. भारतीबेन म्हणजे माझ्या आत्याच्या शेजारीण, निवृत्त शिक्षिका. भाईंदर पश्चिमेला दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. चाळीस वर्षं त्या मराठी बोलतायत, पण घाबरल्या की गुजराती बाहेर येतं. "विनयभाई, हिराबेन उठती नथी," एवढंच म्हणाल्या. फोन चालू राहिला… मागे त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. माझी दाढी अर्धी झाली होती. तसाच शांती नगरातून रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून सारखा माझ्या गालावरच्या फेसाकडे बघत होता, शेवटी त्यानेच मागे फडकं दिलं.

आत्या कुशीवर होती, गालाखाली हात घेऊन. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसावा. चौऱ्याहत्तर वर्षांची होती. माझ्या आधी प्रशांतदादा पोचला होता. प्रशांतदादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, आमच्या बर्फाच्या कंपनीचा डायरेक्टर. आत्याची मावसबहीण नाशिकहून यायची होती, तोवर थांबायचं होतं, म्हणून त्याने कारखान्यातून बर्फाच्या चार लाद्या मागवल्या होत्या. जी कंपनी बंद करा म्हणून आत्या पाच वर्षं कोर्टाची पायरी चढली, त्याच कंपनीच्या बर्फावर तिला ठेवली. मला नको म्हणायचं होतं. पण जूनची सुरुवात, घरात माणसं, आणि बर्फ आणायचा तर दुसरा कुठून आणणार… एक लादी मीच आत घेतली. स्मशानातही तेच झालं. आत्याला मूलबाळ नाही. मडकं कोणी धरायचं, असं गुरुजींनी विचारलं. म्हातारे म्हणाले, मोठा भाचा प्रशांत, मान त्याचा. त्याने मडकं खांद्यावर घेतलं. रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही, त्याला लहानपणी आत्यानेच अंघोळी घातल्या होत्या. मी मागे उभा राहून बघत होतो.

त्याला आता सात आठवडे झाले. केस अजून चालू आहे, वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहू की नको असं वाटत होतं. पण केसच्या कागदांत आत्या कुठेच नाही. तिथे ती नुसती 'अर्जदार क्रमांक एक' आहे.

आम्ही मूळचे मिठागरवाले. आजोबांची थोडी मिठागरं होती, रस्त्याला लागून भाताची खाचरं होती. आत्याचं लग्न चेणे गावात झालं, दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी महिना-दीड महिना ठेवून परत आणून सोडली. आजोबांनी तिला दोन्ही भावांबरोबर जमिनीत नाव लावून दिलं. तेव्हा आमच्या लोकांत असं कोणी करत नसे. मिठागरं बंद पडली तेव्हा वसंतकाका, माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, आणि आत्या या तिघांनी खाचराच्या जागेवर बर्फाचा कारखाना काढला. कोणीतरी सांगितलं, प्रायव्हेट लिमिटेड करा, बँक उभी करते. केली. तिघांची जमीन कंपनीला दिली आणि शेअर लिहून घेतले. वसंतकाका थोरले, म्हणून त्यांच्या नावावर थोडे जास्त लिहिले, मान म्हणून, पंगतीत पहिलं पान थोरल्याला वाढतात तसे. भाऊ आणि आत्या यांचे मिळून निम्म्याला जरासे कमी. त्या जराशाने पुढे काय केलं, ते तेव्हा कोणाला दिसणार होतं?

ज्यांनी बर्फाचा कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बर्फ मिठाच्या पाण्यात होतो. मोठ्या टाकीत खारं पाणी थंड करतात आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे सोडतात. पाण्याला खार किती हवा, हे मोजायला कारखान्यात काचेचं उपकरण होतं. आत्या त्याच्याकडे बघायची सुद्धा नाही. टाकीत बोट बुडवायची, जिभेला लावायची आणि सांगायची, "अजून दोन घमेली टाका." मेकॅनिक नंतर उपकरणाने मोजायचा आणि गप्प बसायचा. पहाटेपासून गेटवर तीच. उत्तनचे बोटवाले नाखवे यायचे, मासळीवाल्या यायच्या, त्यांच्याशी भांडण, चेष्टा, सगळं तिथेच. "काय गो, तुझी लादी छोटी आली काय? तुझ्या नवऱ्याला विचार, काल कुणाची मोठी होती!" असं बोलून आख्ख्या रांगेला हसवायची.

दहावीनंतर भाऊ मला बर्फ फोडायच्या मशीनवर घालणार होते. आत्या आडवी आली. "बर्फ फोडायला शंभर माणसं मिलतील. इंग्रजी कागद वाचनारा आपल्यात एक तरी न्हाय. उद्या कागद आला तं कोन वाचील?" मी बी.कॉम. झालो. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा कागद पहिला माझा, हे मी आजही ताठ मानेने सांगतो. निकालाच्या दिवशी आत्याने बर्फ न्यायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात पेढा ठेवला. एका नाखव्याने विचारलं, "पोर काय झाला? डॉक्टर?" आत्या म्हणाली, "डॉक्टरला काय कलतं? ह्यो कागद वाचतो."

कागद आला तो सहा वर्षांपूर्वी. वसंतकाका त्याआधीच गेले होते आणि त्यांची खुर्ची प्रशांतदादाकडे आली होती. मग माझे वडील गेले. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवस, पण आत्या म्हणाली, "माजं सासर कुठं हाय?" आणि आमच्याबरोबर पुरे तेरा दिवस बसली. आमच्या घरात सुतकात देवाणघेवाण नाही. कोणाला काही द्यायचं नाही, कोणाचं घ्यायचं नाही, सही-शिक्का नाही. हे सगळ्यांना माहीत. सातव्या दिवशी दुपारी आम्ही चटईवर बसलो होतो. माझं डोकं भादरलेलं, शेजारी प्रशांतदादाचंही भादरलेलं. तो रोज यायचा, आमच्यातच जेवायचा. दारात पोस्टमन आला. जुना पोस्टमन आम्हाला ओळखायचा, हा नवीन होता.

"रजिस्टर है, दो. साइन करो."

एक भाऊंच्या नावाचं, एक आत्याच्या. आत्या दारात गेली. "सूतक है भाई. तेरा दिन के बाद लाना."

"अम्मा, अभी लेना है कि नहीं लेना?"

आत्याने वळून माझ्याकडे पाहिलं. घरातला कागद वाचणारा मी. आणि मी म्हटलं, "बाद में आओ."

पोस्टमनने पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि गेला. प्रशांतदादा माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. तो चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी आत्या अंघोळ करून ओट्यावर बसली, हातात पेन. पोस्टमन येईल तर सही तयार पाहिजे म्हणून. दुपारपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. मी कामावर निघताना हसून म्हटलं सुद्धा, "अगं येईल, सरकारी काम आहे."

पत्र परत गेलं होतं. पोस्टमनने वर लिहिलं होतं, 'घेण्यास नकार'. कायद्यात नकार म्हणजे पत्र मिळालंच असं धरतात. हे मला माहीत असायला हवं होतं. आत होतं ते असं: कंपनी नवे शेअर काढतेय, तुमच्या वाट्याचे हवे असतील तर पंधरा दिवसांत कळवा, न कळवल्यास नको आहेत असं समजू. आम्ही कळवलं नाही. सगळे नवे शेअर प्रशांतदादा, त्याची बायको आणि काकी यांनी घेतले. निम्म्याला जरासा कमी असलेला आमचा वाटा विसात एक इतका उरला. पत्रावर तारीख होती भाऊंच्या तिसऱ्या दिवसाची. त्या दिवशी आम्ही सगळे खाडीवर अस्थी घेऊन गेलो होतो.

आम्हाला कळलं चार महिन्यांनी, तेही गेटवर. आत्या नेहमीसारखी गेली तर वॉचमन म्हणाला, "माँजी, सेठ से पूछ के आओ." तिला डायरेक्टरपदावरून काढलं होतं. त्या सभेची नोटीसही म्हणे पाठवली होती. मोकळ्या जागेचा अर्धा भाग प्रशांतदादाच्या मेव्हण्याला टेम्पो लावायला दिला होता. मी दादाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "विनय, मी नियमाने पाठवलं, तुम्ही घेतलं नाही. तू तर शिकलेला. आणि आत्याने आता घरी बसावं ना आरामात. कंपनी म्हणजे काय मिठागर आहे?" आत्याला मी हे सांगितलं तेव्हा शेअरबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "सुतकात सही केली त्याने?" एवढंच विचारलं. दोनदा विचारलं.

आमच्या वकील म्हणजे एक तरुण मॅडम, फार सरळ बाई. त्यांनी समजावलं की कंपनीतल्या थोड्या हिश्श्याच्या लोकांवर मोठ्या हिश्श्यावाल्यांनी जुलूम केला तर कंपनी न्यायाधिकरणाकडे जाता येतं. भाऊंचे शेअर माझ्या नावावर लागले होते, तेव्हा पाच सभासदांत तुम्ही दोघं आहात, तेवढं पुरे. "पण आजी, मांडायचं कसं, तर ही कंपनी बंद करण्यासारखीच आहे, मात्र बंद केली तर आमचंच नुकसान होईल, म्हणून बंद न करता दुसरा न्याय द्या."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हंजी मयत हाय, पन उठवून बसवा?"

मॅडम हसल्या. "तसंच काहीसं."

"मना बंदच करायची हाय."

"बंद झाली तर हातात कमी येईल."

"येऊ दे. भाव-भाव येगले झाले तं वाटन्या होतात ना? घर मोडतात, वासे मोजून घेतात. मंग कंपनी मोडायला काय झालं? बांधली आमी, मोडनार बी आमी."

शेवटी अर्जात दोन्ही मागण्या घातल्या. आधी शेअर पूर्ववत करा, ते होत नसेल तर कंपनी गुंडाळा. आत्याने इंग्रजी अर्जावर सही करताना एकच विचारलं, "सुतक लिवलंय ना?" मॅडमनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. चाळीस पानांत ती एक ओळ होती.

पाच वर्षं आम्ही तारखांना गेलो. कधी खंडपीठ बसलं नाही, कधी त्यांचे वकील आजारी, कधी आमचा नंबर येईपर्यंत पाच वाजले. आत्या प्रत्येक वेळी यायची. शेवटच्या बाकावर पाय वर घेऊन बसायची, मग शिपायाने खुणावलं की पाय खाली. एकदा मात्र चांगली अर्धा तास सुनावणी झाली. समोरचे वकील म्हणाले, हे लोक अडाणी होते, रूढी पाळत होते, असं चित्र उभं केलं जातंय, पण त्या वेळी घरात वाणिज्य शाखेचा पदवीधर भाचा हजर होता. तो स्वतः अर्जदार क्रमांक दोन आहे. नोंदणी पत्र नाकारण्याचा अर्थ त्याला कळत नव्हता, असं म्हणायचंय का? सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. आत्याने कोपराने ढोसलं. "काय बोलला रं तो? सगले तुज्याकरं का बघतात?"

"काही नाही. तारीख मागतोय."

"मंग दे म्हनावं," ती म्हणाली. "आपल्याला काय घाई हाय?"

मध्ये एकदा तडजोडीची गोष्ट निघाली. दादा आत्याचे आणि माझे शेअर विकत घ्यायला तयार झाला. आकडा वाईट नव्हता, मला तर तो बरा वाटला. मुलीचं कॉलेज तोंडावर आलं होतं. मी आत्याला दोन तास समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तू घे. तुला पोर हाय. मी तुला अडवनार न्हाय. पन मना इकायची न्हाय. भावाने बहिनीला इकत घेतली असं होईल ते." तिला एकटीला सोडून मी घेतले नाहीत. पण परत येताना पूर्ण वाट मी तिच्याशी बोललो नाही, हे आता आठवतं. तिने मधे एकदा शेंगदाण्याची पुडी पुढे केली होती. मी घेतली नाही.

मृत्युपत्र कर, असंही मॅडमनी तिला तीनदा सांगितलं. आत्याचं उत्तर ठरलेलं. "आदी कंपनी मोडू दे. हातात काय आलं तं मंग लिवीन ना कुनाच्या नावावर. आता काय लिवू, तारखा?" आम्ही हसायचो. मीही जोर धरला नाही. आत्याला तिच्या मरणाबद्दल कोण विचारणार?

तेराव्याला भारतीबेन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक वात कहूं? ते समोरवाल्याचे जे पेपर यायचे ना, ते हिराबेन दुपारी माझ्याकडे घेऊन यायची. मी वाचून सांगायची, मराठीत. सगळे वाचले." मी विचारलं, सगळे? "ते तुमचं कॉलेजवालं पण, शिकलेल्या पोराने पत्र परत पाठवलं ते. ते तर तिने तीन वेळा वाचून घेतलं." म्हटलं, काय म्हणाली ती? भारतीबेनने डोळे पुसले. "बोली, पोरगा बापाच्या सुतकात बसलेला, त्याला काय कागद विचारता. आणि मला बोली, विन्याला सांगू नको मी वाचलं म्हणून. त्याला वाटेल, आत्याला कळलं." म्हणजे कोर्टात तारीख मागतायत असं मी तिला सांगत होतो तेव्हा तिला सगळं माहीत होतं, आणि ती मला 'दे म्हनावं' म्हणत होती. त्या माफीचं मी काय करू, ते मला समजत नाही. मी काहीच मागितलं नव्हतं, आणि आता परत द्यायला माणूस नाही.

त्यानंतर मी मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला सारले आणि सरळ सांगितलं. मृत्युपत्र नाही. तेव्हा आत्याचे शेअर तिची स्वतःची मिळकत धरली तर नवऱ्याकडच्यांकडे जातील. म्हणजे ज्यांनी तिला दीड महिन्यात परत आणून सोडलं, त्यांच्याकडे. वडिलांकडून आलेली मिळकत धरली तर वडिलांकडच्या वारसांकडे.

"म्हणजे माझ्याकडे," मी म्हटलं.

मॅडमनी मान हलवली. "तुमच्याकडे… आणि प्रशांतकडे."

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. दोन भावांच्या दोन शाखा, सारखा वाटा. जो तिच्यावर जुलूम करतो असं ती पाच वर्षं शपथेवर सांगत होती, तोच तिचा वारस. तिच्या जागी उभं राहून, आमची काही तक्रार नाही, असं तो उद्या म्हणू शकतो. शिवाय वारस म्हणून कोणाचंही नाव लागायचं तर अर्ज कंपनीकडे करायचा, आणि त्यावर निर्णय डायरेक्टरांनी घ्यायचा. मी हसलो. मला खरंच हसू आलं. मॅडमना वाटलं मला बरं वाटत नाहीये, त्यांनी पाणी मागवलं.

"तुमची स्वतःची केस राहते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सभासद आहात. पण एक ठरवा. कंपनी गुंडाळा ही मागणी ठेवायची का? आजींचा आग्रह होता तो. काढली तर तडजोड सोपी जाईल."

मी बी.कॉम. आहे. बाजू कळतात मला. ती मागणी मान्य होण्याची शक्यता फार थोडी, आणि झालीच तर आत्याने म्हटलेले वासे मोजायला मी एकटा आणि समोर दादा. घर मोडायला दोन्हीकडे माणसं लागतात. हे सगळं मला दिसत होतं, तरी तोंडातून "ठेवा" एवढंच आलं. ते तिच्यासाठी म्हटलं की त्या सातव्या दिवसासाठी, हे मला सांगता येणार नाही.

मॅडमना शेअरचे मूळ दाखले हवे होते. परवा रविवारी मी आत्याच्या खोलीवर गेलो. ट्रंक पाहिली, देव्हाऱ्यामागे पाहिलं, पिठाच्या डब्यातही हात घातला, कारण तिच्या जिनसा कुठेही निघायच्या. शेवटी खाटेवरची गादी उचलली. दाखले तिथे नव्हते. गादीखाली तिची पांढरी, बारीक निळ्या काठाची साडी होती, नीट घडी घालून, दाबून पसरलेली. आत्याने आयुष्यात कपडे इस्त्रीला दिले नाहीत. तारखेची साडी ती गादीखाली घालून झोपायची. पुढची तारीख ती गेली तेव्हा दोन महिने लांब होती, तरी तिने साडी आधीच गादीखाली घातली होती. वर पोलकं, आणि पोलक्यावर, तेही चुरगळू नये म्हणून की काय, हातरुमाल.

सात आठवड्यांत घड्या अगदी कडक बसल्यात. हात न लावता मी गादी खाली सोडली. तारीख येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी सकाळी आधी तिथे जायचं आणि साडी काढायची, असं ठरवलंय… काढून काय करायचं, ते काही ठरत नाही.